जुनी दमदार गाडी निवडताना इंजिनातला वाव कसा ओळखावा?

संत्राबाग, वरुड (जि. अमरावती)

सर्वांना नमस्कार. मी वरुड तालुक्यातील संत्रा बागायतदार आहे. यंदा मृग बहाराच्या फळाला बरा भाव मिळाला आणि घरच्यांच्या संमतीने (आईची संमती अद्याप अर्धीच आहे) मी पाच लाख रुपये एका जुन्या हौसेसाठी बाजूला काढले आहेत. मला वीस-बावीस वर्षांपूर्वीची, चालवताना हाताला जिवंत वाटेल अशी पेट्रोल गाडी घ्यायची आहे आणि पुढील दोन-तीन वर्षांत तिच्या इंजिनावर टप्प्याटप्प्याने काम करून तिची ताकद वाढवायची आहे. पाच लाखांत गाडी आणि काम दोन्ही बसवायचे आहे. परदेशातील खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कार, म्हणजे टोयोटाची सुप्रा किंवा होंडाची एस२०००, यांची वर्णने मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. परंतु त्या आपल्याकडे आणणे माझ्या आवाक्यातले नाही, हे मी मनाशी कधीच मान्य केले आहे. म्हणून आपल्याच देशात विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी तीन गाड्या मी हेरून ठेवल्या आहेत.

पहिली २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, जी नागपूरला आहे. दुसरी २००४ची मारुती बलेनो, जी अमरावतीला एका निवृत्त गृहस्थांकडे आहे. (ही जुनी, डिकीवाली बलेनो, आजची हॅचबॅक नव्हे.) तिसरी २००५ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, जी पुण्याला आहे आणि तिघींत सर्वांत महाग आहे. दिसणे, आसने, वातानुकूलन यांचा विचार मी बाजूला ठेवला आहे. मला फक्त इतकेच जाणून घ्यायचे आहे की, या तीन इंजिनांपैकी कोणत्या इंजिनात कारखान्याने सर्वाधिक वाव शिल्लक ठेवला आहे आणि तो कागदावरून ओळखण्याची काही रीत आहे का. आमच्या गावचे मिस्त्री ट्रॅक्टर आणि बोलेरो डोळे मिटून उघडतात, पण संगणक जोडावा लागला की हात वर करतात. आणि नागपूर येथून शंभराएक किलोमीटर आहे, हेही उत्तर देताना लक्षात घ्यावे.

लेथवाला, पुसद (जि. यवतमाळ)

संत्राबाग भाऊ, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो आणि आता घरच्या शेडमध्ये एका लेथवर जुन्या इंजिनांची हेडे (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) दुरुस्त करत असतो.

कागदावरून वाव ओळखण्याची पहिली रीत म्हणजे दर लिटरमागे अश्वशक्ती काढणे. सिटी व्हीटेकचे इंजिन १४९३ सीसीचे असून ताकद १०६ अश्वशक्ती आहे, म्हणजे लिटरमागे ७१. बलेनोचे १५९० सीसीचे इंजिन ९४ देते, म्हणजे लिटरमागे ५९. ऑक्टेव्हिया आरएसचे १७८१ सीसीचे टर्बो (हवा दाबून आत भरणारे) इंजिन १५० देते, म्हणजे लिटरमागे ८४. आता होंडानेच १९८९ साली जपानमध्ये आणलेले बी१६ए हे बिनटर्बोचे इंजिन १५९५ सीसीतून १६० अश्वशक्ती देत होते, म्हणजे लिटरमागे शंभर. आणि एस२००० या गाडीच्या पहिल्या जपानी आवृत्तीतील दोन लिटरचे इंजिन २५० देत होते, म्हणजे सव्वाशे. ही मोजपट्टी लावली की बलेनोच्या इंजिनात सर्वाधिक वाव दिसतो, परंतु येथेच पुष्कळ जण फसतात. आकडा कमी असण्याचा अर्थ इतकाच की कॅमचा उठाव (व्हॉल्व्ह किती उघडतो ते), हेडमधील हवेच्या वाटा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) यांची रचना शहरातल्या सौम्य चालीसाठी केली आहे. ती रचना बदलण्याचा खर्च कोण करणार, हे तो आकडा सांगत नाही.

व्हीटेक, म्हणजे फेऱ्यांनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा, या नावाबद्दलही एक गैरसमज आहे. बी१६एमध्ये हेडवर दोन कॅमशाफ्ट आहेत आणि व्हीटेकची यंत्रणा इनटेक व एक्झॉस्ट अशा दोन्ही बाजूंना काम करते. आपल्याकडच्या सिटीत मात्र एकच कॅमशाफ्ट असून ही यंत्रणा फक्त इनटेकच्या व्हॉल्व्हपुरती आहे. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या कॅमच्या हुकमाखाली जातात. यंत्रणा सुरेखच आहे आणि वरच्या फेऱ्यांत त्या गाडीचा आवाज ऐकण्यासारखा असतो. पण यावरून असे दिसते की होंडाने त्या इंजिनातून हवे तेवढे बरेचसे आधीच काढून घेतले आहे. फिल्टर आणि सायलेन्सर बदलून तेथे आवाजच अधिक वाढतो.

दुसरी रीत मला अधिक विश्वासार्ह वाटते, ती म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग. स्ट्रोकची (पिस्टन वर-खाली जातो त्या अंतराची) दुप्पट घ्यावी, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावी आणि साठाने भागावे. बलेनोचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, त्यामुळे ७००० फेऱ्यांना पिस्टनचा वेग सेकंदाला २१ मीटर होतो. सिटीचा स्ट्रोक ८४.५ असल्याने तो १९.७ येतो. मारुती एस्टीमच्या १२९८ सीसीच्या इंजिनाचा स्ट्रोक अवघा ७५.५ असल्याने तेथे तो १७.६ भरतो, आणि म्हणूनच ते लहानसे इंजिन इतक्या आनंदाने फिरते. एस२०००चे इंजिन ९००० फेऱ्यांना २५ मीटर गाठते, परंतु होंडाने पिस्टन, रॉड आणि स्प्रिंगा त्या वेगासाठीच घडवलेल्या होत्या. तुमच्या बलेनोला कोणी ‘रेव्ह लिमिट (फेऱ्यांची कमाल मर्यादा) वाढवून देतो’ असे म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. त्या इंजिनाचा गुण खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतील ओढ हा आहे, आणि एक टनाच्या आतबाहेर वजनाच्या गाडीला ती ओढ पुरेशी मजा देते.

मात्र या दोन्ही रीती इंजिन धडधाकट आहे असे गृहीत धरतात. वीस वर्षे चाललेल्या इंजिनात पिस्टनची रिंग झिजलेली असते, व्हॉल्व्ह बसके झालेले असतात, आणि कागदावरच्या ९४पैकी चाकापर्यंत किती पोहोचतात हे मालकालाही ठाऊक नसते. तेव्हा तिन्ही गाड्यांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. एखादा आकडा खाली आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग गेली असे समजावे. जागचा हलला नाही, तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे आहे.

माझे मत विचाराल तर बलेनो. आमचे मिस्त्री तिला उघडू शकतात, एवढे एकच कारण माझ्या दृष्टीने पुरेसे आहे.

वीस_व्हॉल्व्ह, नागपूर

लेथवाला काकांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही मी असहमती नोंदवतो. प्रश्न ‘कोणती गाडी सोयीची’ असा नसून ‘कोणत्या इंजिनात वाव अधिक’ असा आहे, आणि त्याचे उत्तर निर्विवादपणे ऑक्टेव्हिया आरएस हेच आहे. मी ही गाडी सहा वर्षे वापरली आहे.

कागदावरून वाव ओळखण्याची माझी रीत वेगळी आहे. त्याच इंजिनातून खुद्द कारखान्याने इतरत्र किती ताकद काढली, हे मी पाहतो. आपल्याकडे आरएस या बिल्ल्याखाली १५० अश्वशक्तीचे इंजिन विकले गेले. युरोपात त्याच नावाच्या गाडीला १८० होती. याच १.८ लिटरच्या, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनकुळातून ऑडीने पहिल्या पिढीच्या टीटीमध्ये १८० आणि २२५ अशा दोन पायऱ्या दिल्या. म्हणजे लोखंडी ब्लॉक आणि मूळ रचना एवढा भार हमीसकट पेलू शकते, हे ज्यांनी ते घडवले त्यांनीच दाखवून दिले आहे. मात्र २२५च्या पायरीकडे नीट पाहावे. तेथे टर्बो मोठा आहे, कॉम्प्रेशनचे प्रमाण ९.५ ऐवजी ९ इतके उतरवले आहे आणि एकाच्या जागी दोन इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा निववणाऱ्या जाळ्या) बसवले आहेत. हे तिन्ही बदल न करता केवळ संगणकाच्या आधारे २२५ मिळवून देतो असे सांगणाऱ्याला त्या इंजिनाची माहिती नाही.

१५० वरून १८०-१८५पर्यंत जाण्यासाठी मात्र ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे) रिमॅप, म्हणजे त्यातले तक्ते बदलणे, आणि निरोगी इंजिन एवढेच पुरते. बिनटर्बोच्या गाडीत एक्झॉस्ट, कॅम आणि हेडचे काम करून दहा-पंधरा अश्वशक्ती मिळवण्यास जो खर्च येतो, त्यापेक्षा हे स्वस्त पडते. गाडीचे वजन तेराशे किलोच्या आसपास आहे. म्हणजे मूळ स्थितीत टनामागे सुमारे ११५, आणि रिमॅपनंतर १४० अश्वशक्ती. ही बरोबरी करायची तर बलेनोच्या इंजिनातून तितकीच, म्हणजे १४० अश्वशक्ती काढावी लागेल, आणि ती टर्बोशिवाय रोजच्या वापराच्या गाडीत निघणार नाही.

आता तिच्या खोडी सांगतो, कारण त्या लपवणे योग्य होणार नाही. टर्बोला जोडलेल्या रबरी नळ्या आणि क्रॅंककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) वाफ वाहून नेणाऱ्या नळ्या वयाने ठिसूळ होतात, आणि मग दाब गळू लागतो. इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देतात. मूळ पाण्याच्या पंपाचे पाते प्लॅस्टिकचे असेल तर ते तुटते आणि सुई लाल रेषेकडे धावते. टायमिंग बेल्ट बदलताना धातूच्या पात्याचा पंप बसवून घ्यावा. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत गाळ साचून टर्बोची उपासमार होते. विक्रेता ‘फारच कमी चालली आहे’ असे सांगत असेल, तर किलोमीटरपेक्षा ऑइल बदलल्याच्या पावत्यांच्या तारखा पाहाव्यात. रिमॅप केल्यावर सर्वांत आधी क्लच घसरू लागतो, आणि टॉर्क फारच वाढवला तर कनेक्टिंग रॉड वाकतात. बजेटचे म्हणाल, तर पुण्याची गाडी घेतल्यानंतर दीड लाख रुपये हाताशी शिल्लक नसतील, तर तिचा विचारच करू नये.

काळी_माती, वणी (जि. यवतमाळ)

दोन्ही उत्तरे वाचली. दोन्हींत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे मे महिना.

माझ्याकडे टर्बो असलेली एक जुनी सेडान होती. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये जानेवारीत तिचे रिमॅप करून घेतले. थंडीच्या दिवसांत ती गाडी अशी धावत होती की मी घरच्यांना उगाचच कामे काढून यवतमाळला नेत असे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास वणीकडे परतताना एका ट्रकला ओलांडण्यासाठी पूर्ण थ्रॉटल दिला, तेव्हा बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मी तो ऐकूनही दुर्लक्ष केले. दोन आठवड्यांनी दुसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग बसण्याची कड तुटलेली निघाली. वर्कशॉपचे म्हणणे पेट्रोल वाईट होते असे पडले, आणि माझे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले नाही.

पुढे वही घेऊन बसलो तेव्हा कारण उमगले. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्क्यांहून थोडी अधिक विरळ असते, म्हणजे तेवढी ताकद आधीच गेली. टर्बोने बाहेरच्या दाबावर ०.८ बार चढवला, तर ४५ अंशांनी आत आलेली हवा टर्बोतून बाहेर पडताना सव्वाशे अंशांच्या आसपास तापते. ती इंटरकूलरमध्ये निवावी अशी अपेक्षा. परंतु फेंडरच्या कोपऱ्यात बसवलेला लहानसा इंटरकूलर, त्यावर आदळणारी ४५ अंशांची वाऱ्याची झोत आणि समोर तापलेला ट्रक अशा स्थितीत ती फारशी निवत नाही. हवा गरम, दाब जास्त आणि पंपावरचे साधे पेट्रोल, हे तिन्ही जुळले की नॉकिंग (इंधन आपोआप भडकून बसणारा ठोका) होते. ईसीयू स्पार्क मागे घेऊन इंजिन वाचवण्याचा प्रयत्न करतो. ज्याने रिमॅप करताना ही राखण ढिली केली, त्याने पिस्टनच पणाला लावला असे समजावे. म्हणून वीस_व्हॉल्व्ह दादांचे १८५ मला मान्य आहेत, पण आपल्या भागात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळातले आहेत. येथे रिमॅप करायचेच असेल, तर ते मेच्या दुपारी रस्त्यावर नोंदी घेऊन तपासावे, आणि त्याआधी पुढच्या बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवावा.

पेट्रोलचाही विचार करावा. आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, ही जमेची बाजू. परंतु शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, म्हणजे त्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र जुना ईसीयू ठरलेल्या तक्त्यानुसार इंधन सोडतो आणि मिश्रण कोरडे पडते. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पंपाची सीलें या इंधनासाठी बनलेली नव्हती. तिन्हींपैकी कोणतीही गाडी घेतली, तरी इंधनाच्या नळ्या आधी बदलाव्यात, आणि हौसेची गाडी महिनाभर टाकी अर्धवट ठेवून उभी करू नये, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते.

आणि फिल्टर. हौशी मंडळी गाडी घरी आणताक्षणी मूळ एअर बॉक्स काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बसवतात. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि आमच्याकडच्या पांदण रस्त्यांची धूळ त्यातून किती आत जाते हे पाहायचे असेल, तर इनटेकच्या नळीत बोट फिरवून पाहावे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात राहणाऱ्यांनी रेडिएटरचीही पुढची बाजू दर पंधरा दिवसांनी धुवावी. कापसाचे तंतू जाळीवर गोधडीसारखे बसतात. मूळ एअर बॉक्स ठेवून त्याला बंपरकडून थंड हवेची नळी आणली, तर तेवढेच काम फुकटात होते.

टर्बोच हवा असेल, तर यादीत नसलेली एक गाडी सुचवतो. फियाट लिनिया टी-जेट. १३६८ सीसीचे इंजिन, ११४ अश्वशक्ती. वीस_व्हॉल्व्ह दादांची मोजपट्टी तिलाही लावता येते, कारण तेच इंजिन पुढे भारतातच अबार्थ पुंटोमध्ये १४५ अश्वशक्तीने आले, आणि युरोपातील लहान अबार्थमध्ये १९०पर्यंत गेले. गाडी रांजणगावला बनत असे. सुट्या भागांसाठी आता धावाधाव करावी लागते, हे खरे आहे.

पंचनामा, अकोला

मी वाहन विम्याच्या सर्वेक्षणाचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हा अर्थ पक्का केला आहे. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मोठ्या क्षमतेचे इंजिन टाकणे किंवा बिनटर्बोच्या गाडीला टर्बो जोडणे हे सरळ त्याच्या कक्षेत येते. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या भागाने बदलणे, हेडची दुरुस्ती, ब्रेकची देखभाल यांत अडचण नाही. अपघातानंतर न कळवलेला बदल आढळला, तर दावा अडकतो. मी स्वतः तसे अहवाल लिहिले आहेत.

नोंदणीच्या तारखाही पाहून घ्याव्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण होते. २००२च्या सिटीची मुदत २०२७मध्ये, २००४च्या बलेनोची २०२९मध्ये संपेल, आणि २००५च्या ऑक्टेव्हियाचे दुसरे नूतनीकरण २०२५मध्येच व्हायला हवे होते. ते झालेले नसेल, तर गाडीची किंमत त्यानुसार उतरवावी किंवा तिचा नाद सोडावा.

संत्राबाग, वरुड

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, म्हणून तिन्ही गाड्या प्रत्यक्ष पाहूनच उत्तर द्यायचे असे ठरवले होते. लेथवाला काकांच्या सांगण्यावरून कॉम्प्रेशन गेज विकत घेतला आणि भाच्याला सोबत घेऊन फिरलो.

नागपूरची सिटी दिसायला तिघींत उजवी आहे. इंजिन तापवून, चारही प्लग काढून मोजले, तेव्हा १८४, १८०, १३८, १८२ पीएसआय असे आकडे आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ऑइल सोडल्यावर आकडा १७०वर चढला. मालकाचा चेहरा पाहून मला वाईट वाटले, कारण त्यांना खरोखरच ठाऊक नसावे.

पुण्याच्या ऑक्टेव्हियासाठी मी रात्रीची बस धरून गेलो. विक्रेत्याने चक्कर मारू दिली आणि ती चक्कर मी विसरणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला तेव्हा जे पाठीला जाणवले, ते बलेनो मला कधीही देऊ शकणार नाही, हे मी लिहून देतो. परंतु प्लग काढण्यास आणि संगणक जोडण्यास त्याने नकार दिला. नोंदणीचे नूतनीकरण ‘चालू आहे’ असे उत्तर मिळाले. पावत्या मागितल्या तर २०१६नंतरची एकही नव्हती. परतीच्या प्रवासात मी वीस_व्हॉल्व्ह दादांचे उत्तर पुन्हा दोनदा वाचले.

अमरावतीच्या बलेनोचे आकडे १७६, १७४, १७७, १७२ आले. काकांनी ऑइल बदलल्याची प्रत्येक तारीख एका वहीत लिहून ठेवली आहे. इंधनाच्या नळ्यांना मात्र बारीक भेगा आहेत आणि रेडिएटरचा पंखा उशिरा सुरू होतो. लिनिया टी-जेटचाही शोध घेतला. यवतमाळला एक मिळाली, पण तिच्यात आधीच कोणीतरी रिमॅप केले होते आणि ते कोणी केले हे मालकाला सांगता आले नाही. काळी_माती दादांची हकीकत ताजी असल्यामुळे तेथून मागे फिरलो.

मी बलेनोची बयाणा रक्कम दिली आहे. वाव कागदावर मोजायला निघालो होतो, आणि शेवटी ज्या इंजिनाचे चारही आकडे जुळले तेच घेतले. व्यवहार पूर्ण होऊन सव्वातीन लाख शिल्लक राहतील. आता कामाचा क्रम ठरवून द्यावा, ही विनंती. माझ्या मनात आधी कॅम आणि एक्झॉस्ट होते.

वीस_व्हॉल्व्ह, नागपूर

अभिनंदन. पावत्या नसलेली आरएस सोडलीत हे उत्तम केलेत. माझ्या मतात मात्र बदल झालेला नाही. पावत्यांसह एखादी आरएस विक्रीला आली तर मी आपल्याला कळवीन, बलेनो तोवर विकू नका.

लेथवाला, पुसद

कॅम आणि एक्झॉस्ट शेवटी. सर्वांत आधी इंधनाच्या नळ्या, रेडिएटर, पंख्याचा स्विच आणि थर्मोस्टॅट, कारण पंखा उशिरा सुरू होणाऱ्या गाडीने मे काढणे म्हणजे हेड वाकवून घेणे आहे. त्यानंतर ब्रेक. चिखलदऱ्याचा घाट उतरताना वीस वर्षांच्या होज पाइपवर भरवसा ठेवू नये. चारही होज, ब्रेक ऑइल आणि पुढच्या डिस्क नव्या घ्याव्यात. मग टायर आणि शॉक अॅब्झॉर्बर. गाडी खाली बसवण्याचा मोह टाळावा, काळ्या मातीवरचा आपला डांबरी रस्ता दर पावसाळ्यात नवा आकार घेतो आणि सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) तेथेच फुटतो.

एवढे झाल्यावर पावसाळाभर गाडी आहे तशी चालवा आणि तिची सवय करून घ्या. पोळा झाला की हेड उतरवून माझ्याकडे घेऊन या. व्हॉल्व्ह घासून नवे बसवू, वाटांमधले ओतकामाचे खडबडीत कंगोरे साफ करू आणि इनटेक मॅनिफोल्डचे तोंड गॅस्केटशी जुळवू. मापे न वाढवता एवढ्यानेच मधल्या फेऱ्यांत फरक पडतो आणि पंचनामा साहेबांनाही आक्षेप घेण्यास जागा राहत नाही. कॅमचा विचार त्यानंतर, हेड पाहून करू.

टायमिंग बेल्ट उतरवाल तेव्हा तो फेकू नका, हेडसोबत घेऊन या. त्यावर तेलाचे डाग कोणत्या कडेला आहेत, यावरून कॅमचे सील गळते की क्रॅंकचे, याचा अंदाज घेता येतो.